चौकटीतला आकडा

ओउलू. दुपारचे तीन, आणि दिवस संपलाही.
इल्पो मजकूर धाडतो, मी आकडा चौकटीत बसवतो:
ठळक, लाल, दहापैकी.

ड्रॅगनच्या तिसऱ्या भागाला नऊ.
"भव्य," लिहितो इल्पो, "पण भव्यतेलाच जांभई येते."
तरी नऊ. का, ते मी विचारायचं नसतं.
मोटारींच्या शर्यतीला साडेसात: चिखल उत्तम, माणसं पुठ्ठ्याची.
झोंबींना सहा.

आणि तो दीपगृहाचा खेळ,
कोटकातल्या दोन बहिणींनी चार वर्षं खपून केलेला.
पाणी अडखळतं,
दार उघडलं की सोबत भिंतही उघडते,
रखवालदार जिन्यात अडकून
तीच एक पायरी चढत राहतो.
चार.
मी चार बसवला. चौकट जरा सैल झाली त्याला.

परवा हातमोजे विसरले म्हणून रात्री कचेरीत परतलो,
तर इल्पो अंधारात, अंगातला कोटही न काढता,
पडद्यावरच्या त्या कठड्याशी उभा.
काही जिंकत नव्हता. काही टिपून घेत नव्हता.
"बग आहे," म्हणाला, मागे न वळता,
"पुढची लाट कधी येईल, सांगता येत नाही."

अंक छापून आला. चार तसाच.
आठवड्यानं धाकट्या बहिणीचं पत्र:
आभार, जिना आणि पाणी दुरुस्त करतो आहोत.

इल्पोनं ते दोनदा वाचलं,
चष्मा पुसला, उगाचच,
मग मला म्हणाला, कळव त्यांना,
जिन्याचं बघा.
लाटेला हात लावू नका.