कागदावर माकड

फळीवर एकशे चाळीस मेंढ्या,
पांढऱ्याफटक, आंधळ्या, पोटात पोकळ.
टिचकी मारली की रिकाम्या मडक्यासारख्या बोलतात.
मातीत कागदाचा लगदा कालवलाय, म्हणून तडकत नाहीत.
हे सासऱ्यांनी शिकवलं.
ते मातीशी बोलायचे, माणसांशी कमी.

फंगश्यांगच्या थंडीत शाई गोठते.
वाटी शेगडीच्या कडेला ठेवते,
कुंचल्याला ओठांवर टोक आणते.
शेळीच्या केसांचा कुंचला,
त्यानंच मेंढीच्या पाठीवर आधी काळी रेघ,
एका श्वासात.
श्वास मोडला की रेघ मोडते,
मोडलेली रेघ फुलाखाली झाकावी लागते.
माझ्या मेंढ्यांवर फुलं जरा जास्तच असतात.

शहरातला व्यापारी विचारतो,
ग्वेइझी काकू, ही मेंढी का बकरी?
आमच्या बोलीत दोघींना एकच शब्द.
मी शिंगं वळवते मेंढीची
आणि हनुवटीला दाढी काढते बकरीची.
घे, म्हणते, दोन्ही घे, एकाच दरात.

मग तांबडा: कुशीवर उकललेलं डाळिंब, दाणे सात.
मग हिरवा, कानांची पानं करायला.
पिवळा जपून, पिवळा महाग.
खरी मेंढी अशी नसते, ठाऊक आहे.
खरी मळकट असते, शेपटीला लेंड्या चिकटलेल्या,
आणि पावसात तिचा वास घरभर.
पण तसली कोण ठेवील देवळीत?

दहा मेंढ्यांत नऊ अपुऱ्या, म्हणतात इकडे.
मेंढीच्या वर्षाची पोरगी
नवऱ्याला खाते, नाहीतर पोराला.
मी जन्मले ते वर्ष सरायला चार दिवस असताना.
आईनं कारकुनाला सहा अंडी दिली
आणि कागदावर मी माकड झाले.

माकड म्हणून बघायला आले,
माकड म्हणून पसंत पडले.
माकडाच्या वर्षी कमरेला लाल दोरा, सगळ्यांदेखत;
त्याच्या आदल्या वर्षीही एक,
घोट्याला, मोज्याच्या आत.
नवरा खाणीत गेला, सापाच्या वर्षी.
तेव्हा रात्रभर बोटांवर मोजत बसले होते,
यात मेंढीचा हात किती.

डोळे शेवटी.
उजवा झाला, डावा राहिला,
तेवढ्यात शिआनहून लेकाचा फोन.
आई, डॉक्टर म्हणतात, दोन आठवडे आधी काढता येईल,
घोड्याच्या वर्षातच.
युनश्या तयार आहे. रडतेय, पण तयार आहे.

भरलंय का अंगानं? मी विचारलं.
म्हणाला, थोडं कमीच आहे.
मी म्हटलं, ओली असताना साच्यातून ओढली
तर नाक साच्यातच राहतं.
आई, हे मातीचं नाही.
माहीत आहे रे.
कुंचल्याच्या टोकावर शाई वाळत चालली होती.
मग म्हटलं, मी मेंढी आहे.
तो हसला. तू तर माकड.
कागदावर, म्हटलं.

बराच वेळ फोनमध्ये नुसती शिआनची रहदारी,
कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, सारखं.
मग त्यानं विचारलं, बाबांना माहीत होतं?
मी म्हटलं, जेवलास का?

डावा डोळा काढला. हात हलला,
जरा मोठाच झाला तो.
आता ती फळीवरून तिरकं बघते,
शेजारणीच्या डाळिंबाकडे, का माझ्याकडे,
कळत नाही.

व्यापारी सकाळी आला, पेंढ्यात एकेक गुंडाळली,
दोनदा मोजल्या.
काकू, एक कमी आहे.
एक अजून वाळतेय, म्हटलं.
उन्हात ठेव की.
नको, म्हटलं, सावलीत वाळू दे.