साचा

छिद्दीलालच्या दुकानाला पाटी नाही.
महिना कुठला ते कढईवरून ओळखायचं.
पौषात दोन पोरं भिंतीशी उभी राहून
तीळगुळाच्या गोळ्यावर लाकडी मोगऱ्या हाणतात,
सगळ्या दानाओलीत धप्‌ धप्‌,
गजक पापुद्र्यांवर येईपर्यंत.
श्रावणात घेवर. राखी झाली की बंद.
भाद्रपदात मागून पाहा,
तुम्हाला ताप आहे का, अशा नजरेने बघेल.
दिवाळीला साखरेचे हत्ती, घोडे, एक तिरका मिनार.
आणि फाल्गुन संपता संपता, चारच दिवस,
गाठी.

गाठी आमच्यासाठी. लष्करातल्या मराठी घरांसाठी.
तो म्हणतो, ‘मराठन की माला’.
त्याच्या घरात कुणी खात नाही ती,
चव विचारली तर म्हणतो,
‘शक्कर है, और का.’

हिशेब वहीत नाही, भिंतीवर.
घरामागे एक रेघ, कोळशाची.
पूर्वी रेघा दाराच्या चौकटीपर्यंत जायच्या,
चौकट ओलांडून खुंटीखाली वळायच्या.
यंदा मोजल्या: अकरा.
त्यातली एक माझी,
एक जनकगंजच्या टिल्लू बाईंची,
ज्या माघातच गेल्या.
मी काही बोलले नाही.

‘अकरासाठी भट्टी कोण पेटवतं, बाईजी,’
तो म्हणाला, आणि पेटवलेलीच होती.
पाक उकळत होता, दुधाच्या शिंतोड्याने
मळी वर येत होती, तो ती काढत होता
वरणावरचा फेस काढावा तशी.
अडचण वेगळीच. दोरा घालायची ती रामकली,
आणि रामकलीच्या डोळ्यांत मोतीबिंदू.
‘आप डाल दो. आपको तो दिखता है.’

साठ वर्षं गाठी खाल्ल्या,
साचा हातात पहिल्यांदा घेतला.
रात्रभर भिजलेलं शिसम, मांजराच्या नाकासारखं गार.
खाचेतून दोरा सरकवत गेले:
बत्तासा, बत्तासा, पान, बत्तासा,
मग मधलं फूल.
बोट तिथे अडलं.
चारच पाकळ्या.
पाचवीच्या जागी लाकूड सपाट,
पटाशी लागलीच नव्हती कधी.

त्या वर्षी मी आठची, विसू सहाचा.
गुढी उतरली, माझ्या गाठीत एक पाकळी कमी,
आणि विसूचे ओठ चिकट.
मी तोंडभर ओरडले.
बाबांनी त्याला मोरीजवळ उभं करून
फूटपट्टीने दिल्या पाच.
त्याने कबूलही केलं, चौथीला.

‘ये फूल टूटा है क्या?’ मी विचारलं.
छिद्दीलालने झारा न थांबवता बघितलं.
‘टूटो नहीं है. ऐसोई है, दादा के टैम सें.’
आणि पाक ओतला.
फळी उचलली तेव्हा टक्‌ असा आवाज झाला,
दातावर दात आपटावा तसा.
पांढरं, गरम, चार पाकळ्यांचं.

पुण्याला वहिनीकडे एकदा पाहिली होती गाठी,
पूर्ण फुलाची. खोटी वाटली होती.

रात्री विसूला फोन लावला, नाशिकला.
आधी गुडघे, मग पाऊसपाणी, मग नातवाची शाळा.
मग मी म्हटलं, ती पाकळी तू नव्हती खाल्लीस.
तिकडे टीव्ही चालू होता.
‘कसली पाकळी?’ म्हणाला.
थोडं थांबून,
‘अजून मिळते का गं तिकडे गाठी?
एक पाठव. मोठी बघ.’

सकाळी गुढी उभारली.
दहापर्यंत दोऱ्यावरून मुंग्या निघाल्या,
बत्तासा, बत्तासा, पान ओलांडून,
आणि फुलाशी येऊन
त्या सपाट जागेवरून सरळ पुढे गेल्या.