कसर

तुर्भ्याच्या शीतगृहात वजा अठरा.
बाहेर मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय.
माझ्या गाळ्यात (गाळा कसला,
सेक्टर एकवीसच्या जिन्याखालची साडेचार फूट जागा)
खुंटीला सात स्वेटर.
येणारे-जाणारे विचारतात,
मावशी, हे कुठल्या हिवाळ्याचे?
मी सांगते, मटारच्या.

खोक्याच्या खिळ्यानं ओढलेला धागा
कापायचा नाही. हे पहिलं.
जो तो आधी कात्री लावतो, मग येतो,
आणि वर म्हणतो, एवढासाच तर होता.
एवढासा नसतो. आजूबाजूच्या दहा टाक्यांच्या
अंगावरचं काढूनच तो लांब झालेला असतो.
सुईच्या टोकानं एकेकाला त्याचं परत द्यायचं,
डावीकडे पाच, उजवीकडे पाच,
तरी उरलाच तर उलट्या बाजूला.
उलटी बाजू सगळं पोटात घेते.

भोकाचं वेगळं.
बोट घालून आधी बघायचं कुठवर पळालंय.
एक टाका निसटला की खालचा, त्याच्या खालचा,
शिडी दिसायला लागते.
आकड्याच्या सुईनं एकेक पायरी वर चढवायची.
लोकर मी त्याच स्वेटरच्या बगलेतली काढते,
शिवणीत लपलेली वीत-दीड वीत.
बाजारात त्या रंगाची मिळते,
त्या वयाची मिळत नाही.

किसन पार्ट्यांच्या बाटलीहिरव्याला
गावी ट्रंकेत कसर लागली.
अकरा भोकं, मोहरीएवढी. अकराही भरली.
पार्ट्यांनी उजेडात धरून पाहिलं,
म्हणाले, काही कसर राहिली नाही बघा.
दोघंही हसलो.
मग त्यांनी पन्नासाचे चाळीस दिले.
म्हणजे राहिलीच.

मंगळवारी सुमेध आला, जेमतेम विशीचा.
कंपनीचा निळा स्वेटर,
कोपराला हरभऱ्याएवढं भोक.
मी सुई ओवली.
तो म्हणाला, बुजवू नका मावशी,
जरा मोठं करून द्या.
फाटकं दाखवल्याशिवाय जॅकेट मिळत नाही.
सुपरवायझर म्हणतो, चार बोटं गेली पाहिजेत.
त्यानं बोटं धरून दाखवली. नखांखाली निळं.

एकोणतीस वर्षं झाली या कामाला.
हाताला कात्री माहीत आहे,
पण शेवटची, गाठ मारून झाल्यावरची.
एक टाका कापला.
काही झालं नाही. तो तसाच राहिला,
सवयीनं घट्ट.
मग ओढलं, आणि पायऱ्या सरसर उतरत गेल्या,
माझ्याच रोजच्या वाटेनं,
उलट्या.

चार बोटं झाल्यावर थांबवलं.
सुटलेले टाके काळ्या दोऱ्यात ओवून ठेवले,
आतल्या अंगानं,
सुपरवायझरला दिसणार नाही असे.
म्हटलं, जॅकेट मिळालं की हा इकडे आण,
मोजून ठेवलेत, अठरा आहेत.
तो म्हणाला, किती झाले?
मी म्हटलं, अठरा.
तो म्हणाला, पैसे हो.
भोक पाडायचा भाव
अजून कुणी ठरवलेला नाही.

आज शुक्रवार.
जॅकेट म्हणे वरून मंजूर व्हायचंय,
वर म्हणजे पुण्याला.
तोवर तो तोच घालून आत जातो.
तीन वाजता समोर मटारची गाडी लागते,
जाड दार उघडतं, पांढरा वाफारा
रस्त्यावर येऊन विरतो.
काळा दोरा साधाच आहे, दहा रुपयांच्या रिळाचा.

मी हातातला टाका अर्धा सोडते
आणि माझ्याच कोपराला हात लावून बघते.
घामेजलेलं.