अकरा शिल्लक

पहाटे पावणेसहा. ईरीच्या सरोवरावरचा वारा
पार्किंगपासून दारापर्यंत पाठ सोडत नाही.
बूट झटकते, हात धुते,
आणि रात्रपाळीच्या शनीसकडून किल्ल्या घेण्याआधी
आम्ही दोघी कुलपातलं मोजतो.
ती गोळ्या मोजते, मी वही वाचते.
सत्तावीस. सत्तावीस.
चौदा. चौदा.
आकडा जुळला की सह्या.
माझ्या लग्नात पत्रिकासुद्धा
इतकी नीट कुणी ताडून पाहिली नव्हती.

पहिलं दार एकशे चौदा. मिसेस फेअरचाइल्ड.
थायरॉईडची, सहा वाजता, रिकाम्या पोटी.
डोळे न उघडता तळवा पुढे करतात,
तीर्थाला करावा तसा.

मग पलीकडच्या मिसेस व्होयचिक.
माझं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही.
गाडीचं पुढचं चाक कुरकुरतं, तेवढं राहतं.
"आलं का चाक?" म्हणतात.

माणूस, औषध, मात्रा, वेळ, वाट.
प्रत्येक दाराशी हे पाच पुन्हा.
शाळेत बाई म्हणायच्या, मात्रा चुकली की अर्थ बदलतो.
अर्धा गुण कापायच्या फक्त.

लिंडक्विस्ट आजोबांनी रेल्वेची इंजिनं जोडली, चाळीस वर्षं.
हृदयाच्या गोळीआधी मिनिटभर ठोके मोजायचे.
साठाच्या खाली असले तर द्यायची नाही.
आज अठ्ठावन्न.
नर्सला फोन करते, ते घड्याळाकडे बघतात:
"लेट आहे ना गाडी?"

ब्यूलाबाईंना गिळवत नाही.
गोळी चुरून सफरचंदाच्या गरात कालवते,
आणि मूर्तिजापूरची सहाण आठवते,
जायफळाचे दोन वेढे, मुरडशेंगेचा एक,
मावशीचं बोट आणि कुणाचं तरी रडणारं तोंड.
चमचा पुढे नेताना
त्यांच्याआधी माझाच आ होतो.

पेट्राकिस गोळी गालात धरतात
आणि मी वळले की निवडुंगाच्या कुंडीत पुरतात.
कधी सरळ नाही म्हणतात.
तीनदा विचारायचं, मग लिहायचं: नाकारली.
त्यालाही रकाना आहे.
निवडुंग मात्र ठणठणीत आहे.

मंगळवारी सहा वाजता
एकशे चौदात तळवा पुढे आला नाही.

गुरुवारी दुपारी त्यांचं कार्ड काढलं.
तीस घरं, एकोणीस फुटलेली,
अकरा तशीच फुगलेली, चकचकीत.
नष्ट करायला दोघी लागतात.
शनीस मोजते, मी लिहिते.
अकरा. अकरा.
एकेक गोळी बाटलीतल्या त्या काळ्या द्रवात टाकली,
टपकन आवाजसुद्धा झाला नाही.
झाकण. सही. सही.
मागची पाटी कुणीतरी आधीच काढून नेली होती,
भिंतीवर चार छिद्रं.

शुक्रवारी पहाटे
कुरकुरत गाडी पुढे नेली.
मिसेस व्होयचिकनी उशीवरून मान वळवली.
"आज लवकर आलं," म्हणाल्या, "चाक."