पाच खुबूस

डावीकडचा मेंदू, डॉक्टर म्हणाले,
आणि पेनाने कागदावर एक ढग काढला.
मत्र्याच्या बंदरावर एकवीस वर्षं
कंटेनर मोजणारा माणूस
आता चहाला चावी म्हणतो,
चष्म्याला चावी म्हणतो,
आणि खरी चावी हातात दिली की
असा बघतो, जणू चुकले ती मीच.

शिव्या मात्र शाबूत आहेत. मालवणी, ठणठणीत.

वाचा-उपचारवाल्या शेरीनबाई म्हणाल्या,
त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका,
मनात दहा मोजा.
मी तीनपर्यंत पोचते.
चहा हवा? पंखा लावू? विनयला फोन?
ते मान खाली घालतात
जकातीत अडकून पडलेल्या पेटीसारखे.

आता फ्रिजवर चित्रं आहेत,
खिशात छोटी वही: घर, डॉक्टर, दुखतंय, नको.
'नको'चं पान सगळ्यात मळलेलं.

काल सकाळी रुवीतल्या तंदूरवर
ते पुढे झाले. मी दोन पावलं मागे,
पर्स घट्ट धरून.
रांगेत बंगाली, मलबारी, दिशदाशातला एक म्हातारा;
जो तो मोडक्या अरबीत मागतो,
उरलेलं बोटांनी.
इथे कुणालाच कुणाची भाषा पुरती येत नाही,
हे मला तीस वर्षांनी दिसलं.

यांना आकडा एकटा सापडत नाही.
चारवर जायचं तर एकपासून निघावं लागतं.

"एक."
मी तोंड उघडलं.
भट्टीवरच्या गुलजमानने पिठाचा पंजा दाखवला,
यांना नाही, मला.
"दोन."
मागच्याने घड्याळ पाहिलं,
मग बाही खाली ओढली.
"तीन."
पुढे एवढी जागा
की एखादं जहाज वळून धक्क्याला लागावं.
"चार."
झालं. आम्हाला चारच लागतात.

"पाच."

चुकलं, म्हटलं मी. मनात, नशीब.

गरम कागद छातीशी धरून ते चालले,
जिन्याशी थांबले.
तिथे मोतालेब, प्लास्टरमधला पाय स्टुलावर,
बिल्डिंगभरच्या चाव्या कमरेला.
यांनी वरचा खुबूस काढला, पुढे केला.
नाव शोधत राहिले. मी मोजत राहिले,
सात, आठ,

"चावी," ते म्हणाले.

मोतालेबचा हात आधी कमरेकडे गेला,
मग खुबूसकडे.