डावा कान

वानवडीच्या लष्करी इस्पितळात
कपाटाएवढी एक खोली आहे, आत एक स्टूल.
"बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा, काका."
हवालदार रखमाजी कोंढाळकर, विमानविरोधी तोफखाना,
डाव्या कानाची पाळी आली की
नुसते बसून राहतात.
आलेखाची रेघ दिवेघाटासारखी खाली.

"कधीपासून?"
"एकाहत्तर. डिसेंबर. पठाणकोटची धावपट्टी."
मग मी न विचारलेलंही सांगतात.

तेरा रात्री नुसतं आभाळ राखलं.
गारठ्यानं गोळे हाताला चिकटायचे.
चार-चारची पट्टी भरायची, वर बघायचं नाही.
बघणारा वेगळा, भरणारा वेगळा.
चौदाव्या पहाटे तोफ सुटली
आणि "थांब!" म्हणून ओरडणारा उभा होता
डावीकडे.

एक पट्टी जास्त गेली, बाई.
चार गोळे.
विमान आपलंच होतं.

मी पेन खाली ठेवते.
"लागले नाहीत. नेम चुकला, खंडोबाची कृपा.
तो पोरगा उतरून तोफेपाशी आला,
माझ्याच मगातला अर्धा चहा प्याला,
हसत हसत काहीतरी बोलला.
काय बोलला, कुणास ठाऊक.
तोही डावीकडेच उभा."

नवं यंत्र कानात बसवून देते. सही घेते.

बाहेर रिक्षा ठरवताना
लोहगावची सुखोई छपरं हादरवत जाते.
सगळ्यांच्या माना वर.
रिक्षावाला शिवी घालतो.
कोंढाळकर यंत्र काढून खिशात टाकतात,
आणि आवाज विरेपर्यंत
चपलांच्या अंगठ्याकडे बघत राहतात.
भरणाऱ्यानं वर बघायचं नसतं.