कोंडवाड्याची भिंत

सचिव म्हणाले, नन्नावरे, चुना मारून टाका.
बावीस वर्षं शिपाई आहे मी ग्रामपंचायतीत,
चुन्याचं मला कोणी शिकवू नये.
आचारसंहिता लागली की किती चिन्हं पांढरी केली,
त्यातली दोन तरीही निवडून आली.

पण ही भिंत बिनगिलाव्याची, नुसत्या विटांची,
पिठाच्या चक्कीसमोर, शाळेच्या वाटेवर.
आत आता कोणी ढोरं कोंडत नाही;
एक फुटका फवारणीचा पंप, बेशरमाची झुडपं.
बाहेर, हिरव्या ऑइलपेंटने,
कोणाच्या तरी ट्रॉलीतून उरलेल्या,
एका पोरीचं नाव, आणि बाण घुसलेला बदाम.
बदामाच्या पलीकडे कोणीच नाही.
लिहिणाऱ्याने आपलं नाव खिशातच ठेवलं होतं.

सकाळी सातला घमेलं घेऊन पोचलो
तर यामिनी लांजेवार माझ्याआधी उभी,
ओढणी कमरेला खोचलेली,
हातात भांड्यांचा तारेचा चोथा.
मी खाली पाहिलं.
तिने भिंतीकडे बोट केलं :
"म ले पयली वेलांटी लागते, काका.
याले माहं नावबी नाई लिहिता आलं."

चुना नको म्हणाली.
चुन्यातून हिरवं परत वर येते, फिकट,
अन् फिकट नाव लोक जवळ जाऊन वाचतात.

मग मी संडासाचं ॲसिड आणलं.
वीट फसफसली, धूर निघाला,
अक्षरासोबत सालही गेली तिची,
भट्टीतून मिळालेली ती पातळ कातडी.
आतली वीट मऊ. नखाने उकरली.
"थांबा," ती म्हणाली,
"तिनं काय केलं? तिले कायले जाळता?"

तिची माय राइसमिलमध्ये जाते.
तिथून थैलीभर तुसाची राख,
पवनीहून मी थिनर.
चिखल कालवला, अक्षरांवर लिंपला,
वरून खताच्या थैलीचं प्लास्टिक.
रात्रभर रंग राखेत चढू द्यायचा.
घाई करायची नाही, हे तिला कोणी सांगितलं
मी विचारलं नाही.

सकाळी राख हिरवी.
दुपारी भिंतीवर रंगाचा ठिपका नाही.
आणि नाव तसंच.
तीस वर्षांची धूळ, धूर, चक्कीचं पीठ,
त्या काळवंडलेल्या विटांत
यामीनी,
लालभडक, कोरं, दुसऱ्या वेलांटीसकट.
रंगवलं होतं त्याहून ठळक.

चक्कीवाला हसला.
ती तिकडे पाहत नव्हती.
टाचेला टाच लावत भिंत मोजत होती.
"एकशे बारा पावलं," म्हणाली,
"सारीच घासा लागन."

चार दिवस घासली.
धानाच्या बियाण्याची जाहिरात गेली,
लहान कुटुंब, सुखी कुटुंब गेलं,
एका उमेदवाराचं आडनाव, त्याच्या बापाचंही.
कोपऱ्यात कोळशाने लिहिलेलं निघालं :
गाय एक, गोऱ्हे दोन, दंड बाकी.
मी चोथा उचलला.
"हे राहू द्या," ती म्हणाली, "हे कामाचं हाय."

तिसऱ्या दिवशी भोयरांचा पोरगा आला,
ट्रॉलीवाल्या भोयरांचा, बादली घेऊन.
आम्ही काही विचारलं नाही.
तिने त्याला चोथा दिला नाही.
तो हापशीवरून पाणी आणत राहिला,
संध्याकाळपर्यंत,
भिंतीकडे एकदाही न बघता.

सचिवांनी चार दिवसांची रोजी लावली.
सवयीने विचारलं, सही की अंगठा?
तिने पेन घेतला, पूर्ण नाव लिहिलं,
बापाच्या नावासकट, सावकाश.
म पाशी आली तेव्हा माझ्याकडे पाहिलं.
शाई वाळेपर्यंत
हजेरीपट मिटू दिला नाही तिने कोणाला.

भिंत आता कोरी आहे.
एवढी कोरी भिंत दिसली
की गावात कोणाचा तरी हात खाजतोच.
घमेलं मी अजून घरी नेलेलं नाही.